एकाहत्तराव्यांदा प्लग ओढला तेव्हा

कुकरची तिसरी शिट्टी झाली आणि मी प्लग ओढला.

“सत्तर,” मी स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलं.

बाहेरच्या खोलीत हे लॅपटॉपसमोर बसले होते. मी प्लग परत लावला, मिक्सरशेजारच्या काळ्या डब्याचा हिरवा दिवा लागला आणि दोन मिनिटांनी यांचा आवाज आला, “उठलं. छान.” शेजारणीच्या मुलीचा पहिला नंबर आल्यावर आपण म्हणतो ना, तसं छान.

आमच्या यांचं, म्हणजे शरदचंद्रांचं, काम समजायला मला दोन वर्षं लागली. बोटींच्या कंपनीत संगणक विभागातून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच आठवड्यात या ब्लॉकचेनच्या नादी लागले. जगभर हजारो लोक आपापल्या यंत्रावर एकच वही ठेवतात. प्रत्येकाकडे तीच प्रत, आमची त्या काळ्या डब्यात, म्हणजे कुणा एकाला गुपचूप पान बदलता येत नाही. ती वही ठेवणारं सॉफ्टवेअर फुकट आहे, कुणाच्या मालकीचं नाही, आणि ते दुरुस्त करत राहणारी पाच-सहा माणसं जगात कुठेकुठे बसलेली आहेत. त्यातलं एक गिरगावात, तिसऱ्या मजल्यावर, गंजिफ्रॉकात. खालच्या मजल्यावरचा विनीत जिन्यात भेटला की विचारतो, “काका, टिप द्या ना, कुठलं कॉइन उचलू?” हे म्हणतात, “मी वही शिवतो रे बाबा, आत काय लिहिलंय ते बघत नाही.”

यांच्याकडे त्या वहीचा एकच भाग होता. पान लिहिता लिहिता वीज गेली, तर अर्धवट पान टाकून द्यायचं आणि बाकीची वही शाबूत उठवायची. सहा वर्षं खपून त्यासाठी यांनी चार हजार ओळी लिहिल्या होत्या. आता गिरगावात वीज काही जात नाही, म्हणून ती घालवायला घरात मी आहे. स्वतः प्लग ओढला तर यांचा हात नकळत बरी वेळ गाठतो. आपल्या पोराला चिमटा काढताना हात हलका पडतोच. माझं तसं नाही. मी एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय. दिवा भरभर लुकलुकायला लागला, म्हणजे लिहिणं ऐन रंगात आलं, की मी ओढते.

मार्चमध्ये माटुंग्याच्या उर्वी नावाच्या मुलीने तेच काम नऊशे ओळींत करून पाठवलं. वेगही दुप्पट. ते घ्यायचं तर यांच्या चारही हजार ओळी काढून टाकायला हव्या होत्या. आणि त्या भागाचे राखणदार हेच, त्यामुळे होकार किंवा नकारही यांनीच द्यायचा. तीन आठवडे यांनी तिचं लिखाण तांदूळ निवडावेत तसं निवडलं. खडा काही सापडेना. शेवटी म्हणाले, “शंभर वेळा प्लग ओढू. एकदा जरी वही फाटकी उठली, तर नकार.”

त्या दिवसांत यांचं जेवण कमी झालं होतं. मला उर्वीचं कौतुक होतं, नाही असं नाही. पण नवरा माझा होता. खरं सांगते, ती नापास व्हावी असंच मला मनातून वाटत होतं.

एकाहत्तरावी पाळी मंगळवारी सकाळी आली. ओढला, थोड्या वेळाने लावला. दोन मिनिटं झाली, पाच झाली.

“उठलं नाही,” हे म्हणाले.

मी हात पुसत बाहेर आले. यांनी पडद्यावरच्या ओळी वाचल्या, पुन्हा वाचल्या, लॅपटॉप मिटला आणि शर्ट चढवला. “जरा जाऊन येतो.” जिना उतरताना चक्क गुणगुणत होते. मला इतकं बरं वाटलं की मी त्या डब्याला नमस्कार करायचाच बाकी ठेवला होता.

नमस्कार राहिला, कारण डब्याच्या मागे, वही जिच्यात साठते त्या डिस्कची वायर लोंबताना दिसली. प्लग काढलाच आहे तर म्हणून मी मघाशी डिस्क उचलून फळीवरून ओलं फडकं फिरवलं होतं. तेव्हाच ती निघाली असणार. वही फाटली नव्हती. यंत्राला ती सापडलीच नव्हती. उर्वीचा यात काडीचा दोष नव्हता.

वर्गात मी सांगायचे, उत्तर बरोबर असलं तरी पायऱ्या खोट्या असतील तर मार्क नाहीत. आता मीच लोंबत्या वायरीसमोर उभी होते, हातात तेच ओलं फडकं घेऊन.

हे आले ते पियूष आणि गरम बटाटेवडे घेऊन. दोन वडे खाल्ले, तिसरा मागितला. इतक्यात उर्वीचा फोन आला. यांनी स्पीकरवर घेतला.

“काका, सत्तरनंतर तुम्ही रिझल्टच नाही टाकलात. फाटलं का हो?”

“उद्या सांगतो,” हे म्हणाले.

“ओके,” ती म्हणाली. आवाज एवढासा झाला होता.

संध्याकाळच्या चहापर्यंत मी कसाबसा धीर धरला. कप पुढे ठेवला आणि म्हटलं, “अहो, त्या डिस्कची वायर...”

“निघाली होती. माहीत आहे.”

“माहीत आहे?”

“डिस्क सापडत नाही, असं पडद्यावर स्वच्छ लिहिलं होतं. पहिल्या मिनिटाला कळलं मला.”

“मग त्या मुलीला उद्यावर का टाकलंत? आणि हे पियूष कशाबद्दल?”

यांनी कप खाली ठेवला. “आजचा एक दिवस ठेवून घ्यावा म्हटलं. अगं, शाळेत विनीतला नापास केलंस तेव्हा त्याची आई घरी केलेल्या भानवल्यांचा डबा घेऊन दारात आली होती. तरी अर्धा मार्क वाढवला नाहीस. उभ्या आयुष्यात कुणासाठी लबाडी केली नाहीस. आणि आज माझ्या चार हजार ओळींसाठी वायर सोडवलीस, दुर्गा.”

यांचे डोळे भरले होते. फडक्याची गोष्ट माझ्या ओठांवर आली होती. ती मी चहाबरोबर गिळून टाकली.

“पुन्हा असं चालायचं नाही हं,” हे माझ्याच वर्गातल्या आवाजात म्हणाले. मग लॅपटॉप उघडून उर्वीला कळवलं, की वायर निघाली होती, एकाहत्तरावी पाळी पुन्हा घेऊ.

पुढच्या चार दिवसांत मी तीस वेळा प्लग ओढला, आणि जितकी वाईट वेळ साधता येईल तितकी साधून ओढला. वही दर वेळी शाबूत उठली. शंभराव्याला यांनी मला जवळ बोलावलं. पडद्यावर यांच्या काढायच्या ओळी लाल रंगात खालपर्यंत गेल्या होत्या, संपतच नव्हत्या. यांनी बटण दाबलं.

“गेल्या?” मी विचारलं.

“गेल्या. पोरीने छान केलंय.” या वेळचं छान खरं होतं.

डबा अजून मिक्सरशेजारीच आहे. फळी पुसायला घेतली की बाहेरून हसत आवाज येतो, “वायर सांभाळ गं.” मी हो म्हणते आणि हातातलं फडकं झटकते.