एलिदाबाईंचा तिसरा हात

मी एक जुना पट्टा आहे, कुत्र्याला फिरवायला नेतात तो. माझं एक टोक टेरो नावाच्या कुत्र्याच्या गळ्यात अडकवलेलं असतं आणि दुसरं माणसाच्या हातात. मित्रांनो, ही गोष्ट त्या दुसऱ्या टोकाची आहे.

घोड्याच्या लगामातून उरलेल्या चामड्यातून मला बनवलं. म्हातारा कारागीर मला चरबी चोळत म्हणाला होता, "हा मालकाला पुरून उरेल." ती स्तुती मी अजून जपून ठेवली आहे.

मला एलिदाबाईंनी घेतलं. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या आणि जिभेने तिखट. रोज संध्याकाळी आम्ही पाइनच्या सावलीतून, वाळूच्या गल्लीने समुद्राकडे जायचो. बाईंच्या डाव्या काखेत गरम पाण्याचा थर्मास, त्याच हातात माटे नावाचं कडू पेय प्यायचा पोकळ भोपळा आणि उजव्या मनगटाला मी. माटेशिवाय आमच्या वस्तीत कुणी फिरायला निघत नाही. टेरो मात्र प्रत्येक कुंपणाची चौकशी केल्याशिवाय पुढे सरकत नसे.

समुद्राकाठच्या कठड्यावर शेजारचे वॉशिंग्टन ओलिवेरा वाट बघत असायचे. बाई भोपळ्यातल्या पाल्यावर गरम पाणी ओतत, नळीने तो कडू रस पीत, मग पुन्हा भरून त्यांना देत. ओतायला दोन्ही हात लागतात. म्हणून तेवढ्यापुरतं त्या मला बुटाखाली दाबून ठेवत.

"कुत्रा पायाने सांभाळता होय, बाई?" वॉशिंग्टन चिडवत. "तिसरा हात आणा कुठून तरी!"

"द्या ना मग तुमचा! नुसता प्यायलाच पुढे येतो तो."

वॉशिंग्टन हसून हात खिशात घालत. लाजाळू माणूस.

वर्षं गेली. टेरोच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. खाऱ्या वाऱ्याने मी मधोमध भेगाळलो. "उद्या चरबी लावते हं," असं बाई रोज म्हणायच्या. मला राग यायचा, खोटं कशाला सांगू?

एका संध्याकाळी दक्षिणेचा वारा सुटला आणि वॉशिंग्टनची टोपी उडाली. "अहो टोपी, टोपी!" करत बाई उठल्या आणि त्यांचा बूट माझ्यावरून निघाला. टोपीची फडफड ऐकून टेरो तिच्यामागे धावला, तो थेट कठड्याखालच्या खडकांत. मी मागून फरफटत गेलो आणि दोन खडकांच्या फटीत घट्ट अडकलो.

लाट आली. टेरो जीव खाऊन ओढू लागला आणि मी त्याला सोडेना. ज्याला सांभाळायचं त्यालाच मी बुडवायला बांधून ठेवलं होतं. दुसरी लाट त्याच्या डोक्यावरून गेली. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या मजबुतीची लाज वाटली. तूट रे, तूट, असं मी स्वतःलाच विनवत होतो.

पुढच्या हिसक्याला मी भेगेवर तुटलो. वॉशिंग्टन कमरेपर्यंत पाण्यात शिरले होते, त्यांनी टेरोला उचलून छातीशी धरलं. माझा अडकलेला तुकडाही त्यांनी सोडवून आणला. टोपी मात्र गेली ती गेलीच.

"मी पाय उचलला हो," बाई रडत म्हणत होत्या. "मीच पाय उचलला."

"चूक माझी," वॉशिंग्टन म्हणाले. "इतकी वर्षं हात खिशात घालून बसलो."

रात्रभर वाळवून सकाळी वॉशिंग्टननी मला जाड दोऱ्याने शिवलं. टाके वाकडेतिकडे आले, पण चरबी भरपूर चोळली. संध्याकाळी ते कठड्यावर गेलेच नाहीत, बाईंच्या दारातच येऊन उभे राहिले आणि मला आपल्या मनगटाला गुंडाळून म्हणाले,

"तुम्ही ओता निवांत. हा घ्या तिसरा हात."

"फार उशीर केलात," बाई म्हणाल्या आणि त्यांनी भोपळा पुढे केला.

आता टेरोला काहीच दिसत नाही. मी थोडा ताणला गेलो की त्याला कळतं, माणूस जवळ आहे. मग तो बेधडक चालतो.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल तर त्याला अधूनमधून तेल लावा. एखाद्या वेळी राहिलं तरी चालेल. पण तुमच्या हातातलं टोक सोडू नका. दुसऱ्या टोकाला जो असतो, त्याला तुम्ही ते सोडल्याचं दिसत नाही.