नाकवाली नणंद

उधन्याच्या साडी कारखान्यात उषाबाई वर्षभर जुन्या संगणकातली डिझाइनांची यादी बघून बघून एक्सेलमध्ये उतरवत होत्या. निम्मीही झाली नव्हती. एसीतली खुर्ची सोडायची घाई कुणाला होती? पण आता ऑफिसात नव्याने आलेल्या हर्षदाने तेच काम आपोआप करणारा प्रोग्राम लिहिला होता. यादी संपली की उषाबाईंनी साड्यांच्या घड्या घालायला जायचं, असं शेठनी सांगूनच टाकलं होतं.

हर्षदाने बटण दाबलं. पाच मिनिटांत उरलेल्या सातशे ओळी भरल्या.

"बघा मावशी, एका अक्षराची चूक नाही!"

शेठ चष्मा चढवून वाचू लागले. "रुसलेली जाऊ... नाकवाली नणंद... भेस्तानची विहीण... उषाबेन, आ शुं छे?"

"डिझाइनांची नावं, शेठ. वीस वर्षं मीच देतेय. ज्या बाईच्या अंगावर ती साडी पहिल्यांदा पाहिली, तिचं नाव. एक्सेलमध्ये उतरवताना त्या नावांच्या जागी तुमचे डिझाइन नंबर मी आठवून टाकायचे."

"मग नाकवालीचा नंबर काय?"

उषाबाई पदर सावरून खुर्चीत आणखी ऐसपैस बसल्या.

"आठवेल हो. रोज दोन-तीन आठवतात."

"मावशी, सातशे आहेत!" हर्षदा किंचाळली.

"मग उभी काय राहिलीस? चहा सांग."