लोटनच्या जीपची मूठ

तापीमाईची आण घेऊन सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटा निघाला तर यंदा माझा एकही पापड उन्हात वाळू नये!

बहात्तरच्या दुष्काळाआधीची गोष्ट. धुळ्याच्या देवपुरात लोटन राहायचा, माणकचंद शेठची जीप चालवायचा. त्या जीपच्या गिअरची मूठ कधीचीच फुटून गेलेली. उघडा लोखंडी दांडा उन्हाळ्यात असा तापायचा, की वर भाकरी टाकली तर टम्म फुगावी. लोटनच्या डाव्या तळहाताला फोडच फोड.

त्याची बायको बेबाबाई. तिचा जीव नुसता तुटायचा. आखाजीच्या सणाला जळगावला माहेरी आली, पिंप्राळ्याला, तशी ती बापाच्या मागेच लागली. बाप जीवराम खाटेचे पाय, पाळण्याचे दांडे कातून द्यायचा.

"आबा, शिसवाची मूठ करा. वर कानबाई देवीचं तोंड कोरा. घाटात तीच सांभाळेल त्यांना."

शेठला घेऊन लोटन जळगावच्या बाजारात आला, तसा परत जाताना सासुरवाडीला डोकावला. बेबाबाईनं मूठ पुढे केली. तेलपाणी खाऊन चकचकीत झालेली, हातात लोण्यासारखी बसणारी. जीवरामनं ती दांड्यावर गच्च पिळून बसवली. लोटननं हात जोडले, चिमूटभर कुंकू घेऊन देवीच्या तोंडाला कपाळापासून हनुवटीपर्यंत माखलं, आणि शेठला घेऊन निघाला.

वेशीबाहेर गिअर बदलायची वेळ आली आणि हात हवेतच थांबला. देवीला डावा हात लावायचा? छे, छे! मग पठ्ठ्यानं डाव्या हातात स्टिअरिंग धरलं आणि उजवा हात पोटावरून आडवा घालून गिअर टाकला. जीप दारू प्यायल्यागत झुलली. दुसऱ्या गिअरला बकऱ्या पळाल्या. तिसऱ्याला समोरून कडब्याची बैलगाडी आली, आणि जीपनं तिच्यात नाक खुपसलं!

कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण शेठच्या टोपीत कडबा, मिशीत कडबा, कोटाच्या खिशात कडबा.

"लोटन! डावा हात काय गहाण टाकलाय?"

"शेठजी, देवी आहे. डावा हात कसा लावू?"

"मग काढ ती मूठ! नाही काढत? किल्ली आण इकडे. उद्यापासून दुसरा ड्रायव्हर."

लोटनचं तोंड एवढंसं झालं. मूठ काढावी तर बेबाबाई काय म्हणेल? एवढ्या मायेनं करून घेतलेली. न काढावी तर चूल कशावर पेटवायची? किल्ली काही त्यानं दिली नाही. पहिल्या गिअरमध्येच जीप रांगत रांगत सासऱ्याच्या दारात नेली. शेठ कडब्यासकट मागे बसलेले.

"मामा, मूठ काढा," लोटन खाली मान घालून म्हणाला. "माझ्यानं नाही काढवत."

बेबाबाई आतून धावत आली. डोळ्यांत टचकन पाणी. "का हो? आवडली नाही?"

लोटननं बठ्ठं, सगळंच्या सगळं सांगितलं. ऐकता ऐकता जीवराम असा हसायला लागला, की ठसका लागून भिंतीला टेकला. धोतराच्या सोग्यानं त्यानं मुठीवरचं कुंकू पुसलं.

"नीट देख जावाई. कानबाई म्हणजे नारळ, डोळे-नथ लावलेला. नारळाचं तोंड मी कसं कोरू? जे तोंड जन्मभर पाहिलं, तेच हाताखालून उतरलं. हनुवटीवरचं गोंदण देख! ही कानबाई नही शे. मनी बेबी शे, माझी लेक!"

लोटननं पाहिलं. गोंदणाचे तीन ठिपके, बसकं नाक, रुसल्यावर पुढे येतो तसा खालचा ओठ. सगळं कोरलेलं.

"लग्नाला इतकी वर्षं झाली," बेबाबाई म्हणाली, "आणि बायकोचं तोंड ओळखू येईना?"

"मला वाटलं देवी..."

"वाटू दे की मग!"

मिशीतली काडी काढत शेठ हसले. "अरे, बायको नवऱ्याच्या डाव्या अंगालाच बसते. लाव डावा हात आणि चल. दुकान उघडायचंय मला!"

लोटननं मुठीवर डावा तळहात ठेवला. फोडांवर गार फुंकर घातल्यासारखं वाटलं. गिअर पडला, जीप सुतासारखी सरळ निघाली, आणि दारातली बेबाबाई लाजून पदरात लपली.

बरं बाई, पापडांचा प्रश्न आहे म्हणून सांगते. ती लाजली, तेवढं माझ्या पदरचं. खरं तर जीप निघता निघता तिनं लोटनच्या पाठीत असा धपाटा घातला, की शेठच्या टोपीतला उरलेला कडबासुद्धा गळून पडला.