किटलीची भिंतीकडची बाजू

मित्रांनो, मी एक जुनी किटली आहे. अकरा वर्षे मी एका छापखान्यात चहा उकळला. मग एकदा जिन्यावरून गडगडले, पोटाला खोल पोचा आला, तळ गळू लागला आणि माझी रवानगी संध्याकाळच्या चित्रकलेच्या वर्गात झाली. सरांनी मला टेबलावर ठेवले, पोचा भिंतीकडे करून. वीस वर्षे तो तसाच राहिला.

एवढ्या वर्षांत माझी काय काय चित्रे झाली ते विचारू नका. एकाने तर माझे बदक केले. जमले नाही की सगळे उजेडाला दोष देत. नाचता येईना अंगण वाकडे.

गेल्या आठवड्यात सरांनी भिंतीवर एका घनवादी, म्हणजे एकाच वस्तूच्या सगळ्या बाजू एकदम दाखवणाऱ्या चित्राची छापील प्रत टाचली. तपकिरी, करडे तुकडे आणि त्यांतून डोकावणारी बाटली.

"या पद्धतीने किटली काढा," सर म्हणाले. "चपटा ब्रश घ्या. तुकड्याची एक कड धारदार, दुसरी शेजारच्या रंगात विरलेली. आणि किटलीचं हे शेवटचंच काम. शनिवारी ती भंगारात जाईल."

शेवटचे चित्र, आणि तेही असल्या हातांनी!

बँकेतल्या साहेबांनी पट्टी काढून चौकोन आखले आणि ते रंगवत बसले. ना शेंडा ना बुडखा. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी भिंतीवरची बाटलीच उतरवून काढली. माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिले नाही.

तेवढ्यात शिवणकाम करणाऱ्या मावशी उठल्या. महिन्यापूर्वीच त्या वर्गात आल्या होत्या. त्या सरळ टेबलामागच्या फटीत शिरल्या.

"मावशी, तिकडे पोचा आहे. ती बाजू नको."

"पाठ न बघता माप कसं घेऊ, सर? कापड बेततानाही पुढचा भाग, पाठ, बाही शेजारी शेजारीच मांडते मी."

त्यांनी पोचा चित्राच्या मधोमध काढला. त्याची एक कड धारदार ठेवली, दुसरी तोटीच्या करड्या रंगात विरवली. कागदावर पहिल्यांदाच मी सगळीच्या सगळी होते. मला स्वतःची लाज वाटली. लोकांना नावे ठेवत होते, पण पोचा झाकलेला आहे म्हणून वीस वर्षे मीच खूश होते.

शनिवारी भंगारवाला दारात आला. सरांनी मला उचलले, मावशींच्या चित्राकडे पाहिले आणि परत टेबलावर ठेवले. या वेळी पोचा पुढे होता.

"ही बाजू अवघड आहे हो," बँकेतले साहेब कुरकुरले.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या असे मी सांगत नाही. तुम्ही ऐकणार नाही. पण आम्हाला भंगारात काढण्याआधी खुर्चीवरून उठून आमच्याभोवती एक फेरी तरी मारा. तेवढ्याने पाय झिजत नाहीत.