पाच मिनिटांसाठी काढलेला प्लग

मित्रांनो, घाबरट माणसं तुम्ही खूप पाहिली असतील. घाबरट फ्रीज पाहिलाय का? नसेल तर विद्यापीठाच्या जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर या. जिन्याशेजारी, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारलेला आणि दिवसभर घरघरणारा जो म्हातारा दिसेल, तो मी. लोक म्हणतात, वय झालं म्हणून घरघरतो. खरं सांगू? मी भीतीने थरथरतो.

माणूस घाबरला की त्याचे हातपाय गार पडतात. माझं उलटं आहे. गार आहे तोवरच मला धीर असतो.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी असा नव्हतो. पांढराशुभ्र होतो, दारावर चकचकीत मूठ होती. पहिली नऊ वर्षं मी विभागप्रमुखांच्या खोलीत काढली. पोटात पाण्याच्या बाटल्या आणि पाहुण्यांसाठी सरबत. पाहुणे म्हणायचे, "वा, काय गार पाणी आहे!" आणि मी फुगायचो. भीती कसली? पाणी कोमट झालं तर कोणाचं काय बिघडतं?

मग खोलीत दोन दारांचा नवा फ्रीज आला आणि मला व्हरांड्यात ढकललं. मला फार लागलं ते. पण खरं काम मला तिथेच मिळालं, आणि कामाबरोबर भीतीही.

त्या मजल्यावर जीवशास्त्र, नाट्यकला आणि शिक्षणशास्त्र असे तीन विभाग, आणि तिघांत मी एकटा. म्हणजे तीन घरं आणि एकच चूल, तीसुद्धा गार! जीवशास्त्राच्या एका मुलीने माझ्या बर्फाच्या कप्प्यात दोन खोकी ठेवली. त्यांत करंगळीच्या पेरापेक्षा लहान अशा सहाशे बारा कुप्या होत्या, आणि प्रत्येकीत एका मधमाशीचं पोट. त्या पोटात कोणते सूक्ष्म जीव राहतात, कोणत्या फुलांच्या दिवसांत ते बदलतात, हे ती शोधत होती. तिला सगळे मधमाशी म्हणत. तीन वसंत ऋतू ती एका रस्त्याकडेच्या झाडांवरून माश्या गोळा करत होती. चौथ्या वर्षी रस्ता रुंद झाला. झाडं गेली, पोळी गेली. त्या दिवशी कुप्या लावता लावता ती हळूच म्हणाली, "आता तुम्ही फक्त इथेच आहात." ती माश्यांशी बोलत होती, पण ऐकलं मी. माझी भीती तेव्हापासूनची.

खालच्या फळीवर रीळकाका. हे पन्नाशीचे गृहस्थ नाटकांच्या जुन्या फिरत्या मंडळींवर लिहीत होते. त्या नाटकांच्या फोटोंची जुनी रिळं, म्हणजे फिल्मच्या पट्ट्या, ते पत्र्याच्या डब्यांत ठेवत. उष्णतेने पट्ट्या सडू लागल्या की आंबूस वास येतो, म्हणून काका रोज सकाळी डबा उघडून नाक घालत.

तिसरी बर्फताई. लहान मुलांना गार आणि गरम म्हणजे काय वाटतं, हा तिचा विषय. लाल-निळ्या पाण्याचे मोठे बर्फाचे ठोकळे ती माझ्यात गोठवायची, शाळेत न्यायची आणि मुलं काय बोलतात ते शब्दन् शब्द लिहून घ्यायची.

तिघांची माझ्या दारात रोज खडाजंगी.

"बर्फावर पीएचडी!" रीळकाका म्हणायचे. "पुढच्या वर्षी वाफेवर करशील."

"तुम्ही नुसता वास घेऊन करता, काका. मी निदान हात तरी ओले करते."

"ए, तुझे ठोकळे सरकव गं," मधमाशी ओरडायची. "माझ्या खोक्यांना चिकटतात ते."

"चिकटू दे. तुझ्या माश्यांना शेजार हवा ना?"

मी हिशेबी आहे. माझं दार दिवसाला सत्तेचाळीस वेळा उघडतं. त्यातल्या एकोणीस वेळा माणसं नुसती डोकावतात, जणू मघाच्यापेक्षा काही नवीन उगवलं असेल! दाराचं रबर पुसतात ते फक्त शिपाई मामा. आणि माझ्यामागच्या भिंतीत वीज येणारं भोक एकच. दुसरं सात वर्षं मुकं होतं. हे मामांना ठाऊक होतं आणि मला. भिण्यासाठी तेवढं पुरे.

मग तो परिसंवादाचा दिवस आला. सगळ्या विभागांचं संशोधन एका छताखाली. सभागृह आमच्याच मजल्यावर. सकाळी पावणेदहाला विभागप्रमुख सर चहाच्या पाण्याची मोठी विजेची किटली उचलून व्हरांड्यात आले. हे मधमाशीचे मार्गदर्शक. त्यांनी मुक्या भोकात किटली लावून पाहिली. दिवा लागेना.

"मामा कुठे गेले?"

"खुर्च्या आणायला, सर," कोणीतरी आतून म्हणालं.

"असू दे. पाच मिनिटांचं तर काम. पाणी उकळलं की परत लावू."

आणि त्यांनी माझा प्लग ओढला.

सर वाईट नव्हते. वाईट माणसाची मला तेवढी भीती वाटत नाही, तो विचार करून हात घालतो. मला भीती वाटते घाईतल्या चांगल्या माणसाची.

माझी घरघर थांबली. इतकी वर्षं सगळे तिला वैतागलेले, पण ती थांबल्याचं एकाच्याही लक्षात आलं नाही. पाणी उकळलं. सरांना आतून हाक आली आणि ते गेले.

कर्ण्यातून त्यांचं भाषण येऊ लागलं. "मधमाशीचं पोट, नाटकाचा पडदा आणि मुलांचे प्रश्न ही एकाच घरातली भावंडं आहेत. आपण ती जपली पाहिजेत!" टाळ्या पडल्या. मी मात्र अंश मोजत होतो. साडेदहा वाजले, अकरा वाजले, साडेअकरा. चहाच्या सुटीत लोक माझ्यावर कोपरं टेकून उभे राहिले. दुधासाठी माझं दार चौदा वेळा उघडलं, आणि दर वेळी गरम वारा आत घुसला. ओरडावं तर तोंड नाही. हलावं तर पाय पुठ्ठ्यावर.

मधमाशीसुद्धा आली. तिने कप माझ्या डोक्यावर ठेवला.

"काय गं, चहा तसाच ठेवलास?" रीळकाकांनी विचारलं.

"तीन वाजता माझी पाळी आहे, काका. चार वर्षं दहा मिनिटांत सांगायचीत."

"अगं, सांगशील. माश्या काय उठून विरोध करणार आहेत?"

ती हसली. तिच्या पाठीमागे, वीतभर अंतरावर, तिची चार वर्षं मऊ पडत होती. मित्रांनो, तेवढी भीती मला आयुष्यात कधी वाटली नाही. कप उचलून ती गेली.

पाऊण वाजता पहिला थेंब पडला. मग दुसरा. मग मी मोजणं सोडलं.

दीड वाजता बर्फताई तिच्या प्रयोगासाठी ठोकळे न्यायला आली. वरचा कप्पा उघडला आणि लाल पाण्याचा ओघळ थेट तिच्या पायांवर. तिचा प्रयोग बुडाला होता. पण ती स्वतःच्या बर्फाबद्दल एक अक्षर बोलली नाही. सभागृहाच्या दाराकडे वळून किंचाळली, "मधमाशी! पळत ये!"

मधमाशी आली. पुढच्या रांगेतली एक कुपी तिने उचलून तिरकी केली. आतलं पाणी हललं. तिचा चेहरा मला पाहवेना.

"मागच्या अजून घट्ट आहेत," तिने चाचपून पाहिलं. "पण नेऊ कशात? समोरच्या इमारतीत मोठा फ्रीझर आहे, तिथवर ऊन आहे सगळं."

रीळकाकांनी आपला सगळ्यात मोठा डबा काढला आणि पट्ट्या सरळ टेबलावर रिकाम्या केल्या. "माझी नाटकं तासभर बाहेर बसतील. भर लवकर."

बर्फताईने अर्धवट उरलेले ठोकळे खोक्यांभोवती ठासून भरले. तिघं डबा धरून जिना उतरली. मामा खुर्ची टाकून दारं उघडत पुढे धावले.

ते परत आले तेव्हा व्हरांड्यात गर्दी जमली होती. सर म्हणाले, "वीज गेली होती का?" आणि मग त्यांची नजर किटलीच्या वायरीवर गेली.

"मामा, तुम्हीच काढला असेल प्लग," गर्दीतून एक आवाज आला.

"मी तर खुर्च्या वाहत होतो हो सकाळपासून," मामा म्हणाले.

माझ्यातून थेंब पडत होते. मी पुन्हा मोजू लागलो. एक, दोन, तीन. मामांची नोकरी, सरांचं नाव, सगळं त्या थेंबांवर टांगलेलं. सातव्या थेंबाला सर म्हणाले, "मामा नाही. मी काढला."

मधमाशी त्यांच्याकडे बघत राहिली. मग गेलेल्या कुप्यांची यादी करायला बसली.

तीन वाजता तिचा आवाज कर्ण्यातून आला. सहाशे बारांपैकी अठ्ठ्याऐंशी कुप्या गेल्या, तिसऱ्या वसंताचे पहिले सगळे आठवडे. बाकीच्यांची खात्री तपासल्यावरच होईल, असंही तिने सांगितलं. तक्त्यातली ती जागा कोरी ठेवली आहे, म्हणाली. कोणीतरी विचारलं, "ही माहिती पुन्हा गोळा करता येईल?"

"नाही," ती म्हणाली. "ती झाडं आता नाहीत."

यावेळी टाळ्या उशिरा पडल्या.

आता माझ्या प्लगवर चिकटपट्टी आहे. किटलीसाठी दुसरं भोक दुरुस्त झालं आहे. तरी व्हरांड्यात घाईची पावलं वाजली की माझी पाचावर धारण बसते.

गेल्या आठवड्यात माझ्या मधल्या फळीवर कोणीतरी एक लहानसा डबा ठेवून गेलं. त्यावर नाव नाही, तारीख नाही. हलवला तर आत काहीतरी खुळखुळतं. बिया असतील, दात असतील, कोणाच्या बाहुलीचे डोळे असतील, मला कळत नाही. मित्रांनो, तुम्हालाही दुसऱ्याचं काम पुष्कळदा कळणार नाही. न कळलं तरी चालेल. फक्त हात घालण्याआधी थांबा, आणि विचारा, "हे कोणाचं आहे?" उत्तर येईपर्यंत मी तो डबा गार ठेवतो आहे.