कोळशाविना तीनशे पासष्ट दिवस

कंपनीच्या गेटवर हिरवा बोर्ड होता. वर लिहिलेलं 'कोळशाविना दिवस', आणि खाली रोज बदलायचा आकडा. आकडा बदलायचा मान बॉयलरवरच्या भागोजीचा. मान कसला, शिडीवर चढायला दुसरं कुणी तयार नव्हतं एवढंच.

खोटं कशाला बोला, त्या बोर्डानं गावाचं थोडं भलंही केलं होतं. दिघीच्या खाडीकाठची ही रंगाची कंपनी वीस वर्षं कोळसा जाळत होती, आणि दोरीवरचे कपडे काळे होतात म्हणून भागोजीची बायको जनी वीस वर्षं कंपनीचा उद्धार करत होती. आता बॉयलरात भाताच्या तुसाच्या ब्रिकेट, म्हणजे दाबून केलेल्या विटा, जायच्या. धूर पातळ झाला, जनीची टकळीही थांबली. परदेशातल्या गिऱ्हाइकाची अट होती की मार्चअखेरपर्यंत सलग वर्षभर कोळशाचा खडाही जळता कामा नये. नाहीतर ऑर्डर बंद, आणि बॉयलरची एक पाळी बंद. भागोजी त्याच पाळीतला.

पण तूस येणार कुठून? भात पिकतं एकदा, बॉयलर खातो बारा महिने. जानेवारीतच ब्रिकेटवाल्यानं हात वर केले. मग लाकूडही चालतं असं कागदावर निघालं. झाड पुन्हा उगवतं म्हणे! ठेकेदाराचा टेम्पो गावोगाव फिरायला लागला. कलमांना कुणी हात लावू देईना, ती पैसा देतात. गेले ते रायवळ आंबे, बांधावरचे आणि परड्यातले. दोन महिन्यांत गाव बोडकं झालं.

भागोजीच्या परड्यातला आंबा तेवढा राहिला. तो त्याच्या आयचा, गोदूचा. लग्न होऊन आली त्या वर्षी तिनं बाठा पुरला होता, आणि म्हातारपणी खोडावर हात ठेवून सांगितलं होतं, "ह्यो माझ्या सरणाला." इकडची म्हातारी माणसं असा एखादा आंबा राखून ठेवतातच. आंबा ओला असला तरी जळतो, माणसाला ताटकळत ठेवत नाही. भागोजीनं तिला शब्द दिला होता. आता ती अंथरुणाला खिळली होती आणि रोज विचारायची, "माझा आंबा हाय ना रं?"

अठ्ठावीस मार्चला आकडा होता तीनशे बासष्ट. मॅनेजर देवव्रतसाहेब स्वतः बॉयलरपाशी आले.

"भागोजी, शेवटच्या एका दिवसाचं लाकूड कमी पडतंय. तुझ्याकडे मोठा आंबा आहे ना?"

"तो आयचा हाय साहेब. तिच्या सरणाला ठेवलाय."

"आई बऱ्या आहेत ना?"

"तशी बरी हाय."

"मग? एका दिवसासाठी अख्खं वर्ष वाया जाईल रे. तुझ्या पाळीतल्या बावीस जणांचं बघ."

आय अजून एक पावसाळा सहज काढेल, तोवर दुसरं झाड बघू, असं भागोजीनं ठरवून टाकलं. आईच्या मरणाची वेळ आपणच ठरवायची, केवढी ही अक्कल! पण चालवली खरी.

दुसऱ्या सकाळी परड्यात करवतीचं मशीन घरघरलं. आतल्या खोलीत गोदूनं मान वळवली.

"कुणाचा पाडतात रं?"

"माधवरावांच्या वाडीतला. सुकला व्हता."

"माझा हाय ना?"

"हाय, आय."

जनी चुलीपुढे बसली होती. तिनं वर पाहिलंच नाही.

एकतीस तारखेच्या सकाळी गोदू गेली.

मयताला घरटी लाकूड द्यायची गावाची रीत. त्या दिवशीही माणसांनी दिलं, पण काय दिलं? काजूच्या काटक्या, कुंपणाचे बांबू, एक मोडकी खाट. चुलतभाऊ गणराजनं म्हसळ्याच्या वखारीला फोन लावला, तर ती वखारही कंपनीनंच रिकामी केलेली. शेवटी भागोजी टेम्पो घेऊन कंपनीत गेला. आवारात लाकूड रचलेलं होतं.

"साहेब, आय गेली. जरा लाकूड द्या."

देवव्रतसाहेबांचा चेहरा उतरला. त्यांना खरंच वाईट वाटलं. "अरेरे! पण भागोजी, हे आजच्यापुरतंच आहे रे. अकराला तपासणीची माणसं येतायत. आज बॉयलर विझला तर सगळंच गेलं." त्यांनी मागं बोट दाखवलं. "मागच्या शेडात जुना कोळसा पडलाय. हवा तेवढा ने. नाहीतरी त्यांच्या नजरेला पडायच्या आत हलवायचाच आहे."

भागोजीच्या तोंडात शिवी आली. पण देणार कुणाला? झाड त्यानंच दिलं होतं. त्यानं फावडं उचललं आणि टेम्पो भरला. निघताना गेटवर वॉचमननं आकड्याची पाटी पुढे केली, तर भागोजीनं सवयीनं शिडी चढून तीही लावली.

खाडीकाठच्या मसणात काटक्या रचल्या, काटक्यांवर कोळसा, कोळशावर आय. भागोजीनं अग्नी दिला. काटक्या भुर्रकन जळून गेल्या, आणि मग कोळसा धुमसायला लागला. जाड काळा धूर उठून खाडीवर पसरला. पलीकडे कंपनीची चिमणी स्वच्छ दिसत होती.

गणराजच्या हातात भागोजीचा फोन होता, तो वाजला. गणराजनं तो भागोजीच्या कानाला लावला.

"भागोजी," देवव्रतसाहेब दबक्या आवाजात म्हणाले, "खाडीकडे काळा धूर दिसतोय. पाहुणे विचारतायत, कोळसा कोण जाळतंय. काय सांगू त्यांना?"



"सांगा, कंपनीचा न्हाय," तो म्हणाला. "माझ्या घरचा हाय."