पाचपैकी शून्य

गणिताच्या बाईंनी राजीनामा लिहिला तो मधल्या सुट्टीत, नववीच्या तपासलेल्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावरच कागद ठेवून. दोनच ओळी. 'वैयक्तिक कारणास्तव नोकरी सोडत आहे. कृपया मंजुरी मिळावी.' सही तेवढी राहिली होती. दादाने आपल्या ऑफिसात त्यांच्यासाठी जागा धरून ठेवली होती. स्वतंत्र केबिन, आणि तपासायला एक वही नाही! पण पाच वाजेपर्यंत हो की नाही ते कळव, असं त्याने बजावलं होतं.

कामाला बाई कधीच कंटाळल्या नव्हत्या. राग वेगळाच होता. अकरा वर्षं त्या घसा फोडून एकच वाक्य सांगत होत्या, "नुसतं उत्तर नको, पायऱ्या दाखवा!" आणि अकरा वर्षं पोरं नुसतं उत्तर लिहून मोकळी होत होती. या कानाने ऐकायचं, त्या कानाने सोडून द्यायचं. भिंतीला सांगितलं असतं तर एव्हाना तिने दोन पायऱ्या लिहिल्या असत्या.

घंटा झाली तशा त्या गठ्ठा उचलून वर्गावर गेल्या आणि पेपर वाटून आल्या. शेवटचा तास रिकामा होता. मुख्याध्यापकांच्या दारात उभं राहून त्यांनी फाईल उघडली. राजीनामा नाही! पर्समध्येही नाही. पेपरांबरोबर तोही वाटला गेला होता.

मागे वळतात तर समोर शेवटच्या बाकावरची बडबडी. हिने आयुष्यात एक पायरी लिहिली असेल तर शपथ.

"बाई, हा माझ्या पेपरात आला. अक्षर तुमचंच दिसलं, म्हणून आम्ही तपासला."

"तपासला?"

"अख्ख्या वर्गाने मिळून."

बाईंनी कागद उलगडला. त्यांच्या दोन ओळींखाली लाल शाईत ठसठशीत लिहिलं होतं, 'एकदम उत्तर लिहिले आहे. पायऱ्या कुठे? पाचपैकी शून्य. पुन्हा सोडवा.'

हसावं की रडावं, बाईंना कळेना. "अगं, उत्तराचा एक तरी मार्क द्यायचा!"

"तुम्ही कधी देता का?" बडबडी म्हणाली. मग हळूच विचारलं, "बाई, खरंच जाणार तुम्ही?"

बाई कागद घेऊन वळल्या. शिक्षकांच्या खोलीत जाऊन त्यांनी कोरा कागद घेतला आणि पहिली पायरी लिहिली, 'मुले माझे ऐकत नाहीत.' शेजारीच तो लाल शाईचा कागद पडला होता. बाईंनी तो पुन्हा वाचला आणि पायरी खोडून टाकली. दुसरी काही सुचेना. अकरा वर्षांत झाला नव्हता एवढा आनंद त्यांना त्या शून्याने झाला होता.

पाचला पाच कमी असताना त्यांनी फोन लावला.

"दादा, मी नाही येत रे."

"अगं, असं एकदम नाही? कारण तरी सांग!"

"सांगते ना," बाई खुर्ची ओढून ऐसपैस बसल्या. "पायरी पहिली."